श्वासबाईंचं वाळवंट

दवाखान्याच्या एक्स-रे खोलीत एकतीस वर्षं एकच वाक्य बोलून ज्या बाई निवृत्त झाल्या, त्यांना खऱ्या नावाने आता कोणीच हाक मारत नाही. "श्वास घ्या. धरा. सोडा." हे ते वाक्य. त्यावरून त्या श्वासबाई झाल्या त्या कायमच्या. भाजी घ्यायला गेल्या की भाजीवाला तराजू धरून म्हणतो, "बाई, काटा थांबेपर्यंत श्वास धरू ना?" बाई रागावत नाहीत. पिशवी पुढे करतात आणि म्हणतात, "तुमच्या छातीचा फोटो मी काढलाय. आत काय आहे ते मला ठाऊक आहे." मग भाजीवाला मुकाट्याने दोन मिरच्या जास्त टाकतो.

बाईंनी लग्न केलं नाही. थोरल्या भावाच्या घरात वरच्या मजल्यावर त्यांची खोली, आणि खोलीला लागून गच्ची. भाऊ, म्हणजे दादा, त्यांच्याहून चार वर्षांनी मोठा. त्याने सारी उमर पाण्याचा टँकर चालवला, तोही वाळवंटात. शहराचं डांबर संपतं तिथून पुढे वाळूतल्या चाकोरीने जुन्या विहिरीजवळच्या वस्तीपर्यंत, एक दिवस जायचं आणि दुसऱ्या दिवशी परत यायचं. वाटेत बारा थांबे. त्या रस्त्याला ना पाटी, ना मैलाचा दगड. दादाच त्याचा नकाशा. मग वस्तीपर्यंत पाइप गेला, टँकर बंद झाला, आणि वाऱ्याने दोन मोसमांत चाकोरी बुजवून टाकली. दादा म्हणायचा, "रस्ता गेला त्याचं काही नाही, पण त्याचा एक फोटोही नाही गं माझ्याकडे. उद्या कोणी म्हटलं, असा रस्ता नव्हताच, तर मी काय दाखवू?"

हे बोलणं बाईंच्या मनात राहिलं. त्या कमी बोलणाऱ्या. एखादी गोष्ट मनात राहिली की तोंडाने सांगत नाहीत, हाताने सांगतात.

त्याच सुमाराला दवाखान्यात संगणकावरचं यंत्र आलं. जुन्या फिल्मची मुदत संपलेली खोकी भंगारात निघाली. बाईंनी रीतसर अर्ज केला की ती मला द्यावीत. मोठ्या डॉक्टरांनी चष्म्यावरून बघितलं. "बाई, हे घरी नेऊन करणार काय?"

"माझे हात रिकामे राहिले साहेब, तर मी वहिनीच्या स्वयंपाकघरात लुडबुड करीन. मग घरात कोणी सुखाने जेवणार नाही."

डॉक्टरांनी सही केली.

आता फिल्म आहे, पण त्यावरून कागदावर चित्र कसं उतरवायचं? बाई वाचनालयात गेल्या. तिथल्या ग्रंथपालबाईंनी त्यांना एक जाडजूड पुस्तक काढून दिलं. फोटो ही चीज जगात नवी होती, तेव्हा लोक तो कागदावर कशा कशा रीतींनी उतरवत, त्याचं. एका रीतीत चित्र निळंशार येतं, एकीत तपकिरी. एका रीतीला लागतं नुसतं मीठ आणि चांदीचं पाणी. बाईंनी ते पुस्तक ओळीने अकरा वेळा घरी नेलं. बाराव्या वेळी ग्रंथपालबाईंनी विचारलं, "पाठ करताय का?"

"पाठ झालंय. हाताला अजून कळलं नाही, म्हणून नेते."

मिठाची रीत बाईंच्या मनात भरली. चांगला सुती कागद मिठाच्या पाण्यात बुडवून वाळवायचा. मग अंधाऱ्या खोलीत, लाल दिव्याखाली, त्यावर चांदीच्या पाण्याचा ब्रश फिरवायचा. वाळला की त्यावर फिल्म ठेवायची, वर काच दाबायची आणि चौकट उन्हात मांडायची. पुढचं काम सूर्याचं. ऊन पोचेल तिथे कागद काळवंडतो, फिल्म ऊन अडवील तिथे कोरा राहतो. मग धुवायचं, पक्कं करायचं, पुन्हा तासभर धुवायचं. चौकट उन्हात ठेवताना बाई मनातल्या मनात देवाचं नाव घेतात. त्यात देखावा नाही. त्यांचं म्हणणं एवढंच, की आपण नुसता कागद धरायचा असतो, उजेड काही आपण केलेला नाही.

चांदीच्या पाण्याने बोटं काळी होत आणि आठवडाभर तशीच राहत. वहिनी ताट वाढताना रोज म्हणायची, "वन्सं, हात धुवा."

"धुतलेत वहिनी."

"मग आजच्यापुरते माझे घ्या."

ओळखीच्या सुताराने त्यांना लाकडाची भलीमोठी पेटी करून दिली. पुढे जुनं भिंग, मागे एक्स-रेच्या फिल्मची खाच. कॅमेराच तो, पण उचलायला दोन माणसं लागत. सुतार शहाणा माणूस. त्याच्या तुटलेल्या बरगडीचा फोटो बाईंनीच काढला होता, तेव्हा कोपऱ्यात ठेवलेलं शिशाचं छोटं अक्षर त्याला आठवत होतं. एक्स-रेची फिल्म दोन्ही बाजूंनी सारखीच असते. उलटी धरली तरी कळत नाही. म्हणून फोटो काढतानाच कोपऱ्यात डाव्या-उजव्याचं अक्षर ठेवायचं असतं. नोकरीच्या पहिल्याच महिन्यात बाई एकदा ते ठेवायला विसरल्या होत्या आणि मोठ्या डॉक्टरांनी फिल्म परत पाठवून विचारलं होतं, "या गृहस्थांचं हृदय उजवीकडे आहे, की तुमचं लक्ष दुसरीकडे होतं?" त्यानंतर एकतीस वर्षांत अक्षराविना एकही फिल्म त्या खोलीतून बाहेर पडली नाही.

सुताराने विचारलं, "या पेटीत त्या अक्षराला जागा करू का, बाई?"

बाई हसल्या. "वाळूला कुठलं आलंय काळीज, डाव्या बाजूला असायला?"

हे वाक्य पुढे त्यांना चांगलंच महागात पडलं.

मागच्या थंडीत त्या दादाला घेऊन वाळवंटात गेल्या. भाड्याची जीप, जीपवाल्याच्या शेजारी दादा, मागे बाई आणि ती पेटी. चाकोरी दिसत नव्हती, पण दादा खिडकीतून हात बाहेर काढून सांगत होता, "इकडून घे. आता सरळ. थांब." बाराही थांबे त्याने बिनचूक दाखवले. एका ठिकाणी मिठाचा पांढरा पट्टा लागला. जमीन कुरकुर वाजत होती. बाईंनी तिथलं पिशवीभर मीठ भरून घेतलं. त्याच मिठाने त्याच जागेचं चित्र उतरवायचं, हे त्यांनी तिथेच ठरवलं. एकेका थांब्यावर पेटी उभी करायची, काळ्या कापडात डोकं घालायचं, आणि बाहेरून दादाचा आवाज यायचा, "वाळूला सांग गं, श्वास धर म्हणून."

घरी आल्यावर मिठाचं पाणी कापडातून चार वेळा गाळलं. त्या मिठाने कागदाला जी छटा आली, ती पुस्तकात कुठे लिहिलेली नव्हती. किंचित जांभळट तपकिरी, दिवस कलल्यावरच्या वाळूसारखी. बाई तो पहिला कागद घेऊन खाली आल्या. दादाने मान फिरवली. "अर्धवट काम मी बघत नाही. पुरं झालं की दाखव."

काम पुरं व्हायला वर्ष लागलं. पुस्तक घडीचं ठरलं. बारा पानं एकाला एक जोडलेली, पंख्यासारखी मिटणारी, उलगडली की खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जाणारी. आतल्या पुठ्ठ्यांना निळ्या रीतीने रंगवलेला कागद, कारण रस्त्याच्या शेवटी विहीर. एकूण दोन प्रती: एक वाचनालयाला, एक दादाला. वाचनालयाचं नवं दालन पुढच्या महिन्याच्या एक तारखेला उघडणार होतं आणि ग्रंथपालबाईंनी पुस्तकासाठी काचेचं लांब कपाट करून घेतलं होतं.

पानं जुळवताना बाईंना एक गोष्ट सापडली, आणि तिने त्यांना वेड लावलं. एका पानावरची क्षितिजाची रेघ दुसऱ्या पानावरच्या रेघेत मिसळत होती. तिथून पुढे त्या रेघेच्याच मागे लागल्या. जिथे जुळेना तिथे फिल्म उलटून बघायची. उलटी धरली की डावी कड उजवीकडे जाते, आणि काय आश्चर्य, रेघ जुळते. फिल्म तर दोन्ही बाजूंनी सारखीच. असं करत बारा पानांवरून एकच रेघ धावायला लागली, न तुटता, न अडखळता. ग्रंथपालबाई बघायला आल्या, त्या जमिनीवर मांडी घालून बसल्या आणि रेघेच्या मागे सरकत बाराव्या पानापर्यंत गेल्या. शेवटी म्हणाल्या, "बाई, ही रेघ बघायला लोक लांबून येतील." बाईंना आयुष्यात कोणी असं म्हटलं नव्हतं. एक्स-रेला कोण छान म्हणतो? त्या दिवशी जेवताना त्यांनी मीठ दोनदा मागितलं आणि वहिनीने ओळखलं की स्वारी खुशीत आहे.

खाली मात्र घर काळजीत होतं. गेल्या काही महिन्यांपासून दादा विसरायला लागला होता. नळ चालू ठेवून यायचा. पिशवी घेऊन दुकानात जायचा आणि पिशवी तिथेच ठेवून परत यायचा. शेजाऱ्याला त्याच्या वारलेल्या वडिलांच्या नावाने हाक मारली. वहिनी ते सगळं हसण्यावारी न्यायची, पण रिकाम्या वेळी पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसायची. बाईंनी मनाशी धरलं होतं, की एकदा पुस्तक दादाच्या पुढे उलगडलं, त्याचा रस्ता त्याला दिसला, की काही तरी ताळ्यावर येईल.

दोन्ही प्रती बांधून झाल्या तेव्हा एक तारखेला सोळा दिवस होते. रविवारी सकाळी बाईंनी दिवाणखान्यात चादर अंथरली आणि वर्षभराचं काम दादासमोर उलगडलं. त्याचे गुडघे वाकत नाहीत, म्हणून तो छोट्या स्टुलावर बसून पानागणिक स्टूल सरकवत निघाला.

"हे डांबर संपतं ते," पहिल्या पानाला तो म्हणाला. "आणि हे वाकडं झुडूप. यालाच टेकून मी डबा खायचो. अजून आहे की बेटं."

वहिनी दारात उभी होती. तिने बाईंकडे बघून डोळे मिटले आणि उघडले.

तिसऱ्या पानापाशी स्टूल थांबलं. दादा वाकला. चष्मा पुसला, परत वाकला. "हे कुठलं?"

"तिसरा थांबा, दादा. तूच जीप थांबवलीस."

"हो का? असेल." चौथ्या पानालाही तो तसाच बघत राहिला. पाचवं, सहावं पटकन ओळखलं. सातव्याला परत अडला. त्याचं बोट एका मोठ्या दगडावर गेलं, तिथून पानाच्या दुसऱ्या कडेला गेलं, पुन्हा दगडावर आलं. "हा दगड माझ्या खिडकीच्या बाजूला असायचा. इथे पलीकडे कसा गेला?" मग तो हसला, पण ते हसणं चांगलं नव्हतं. "दगड काही जागचा हलत नाही. मीच हललेला असणार."

दहावं पान त्याने नुसतं पाहिलं, बोट ठेवलं नाही. शेवटच्या विहिरीपर्यंत गेला, बाईंच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "फार देखणं झालंय हो." मग उठून आतल्या खोलीत जाऊन पडला. भर सकाळी दादा कधी आडवा झालेला त्या घराने पाहिला नव्हता.

स्वयंपाकघरात वहिनी पाठमोरी उभी राहून भांडी घासत होती. स्वच्छ झालेलं पातेलं पुन्हा पुन्हा घासत होती. "वन्सं, गुरुवारची वेळ घेतलीय मी डॉक्टरांची. ह्यांना आत्ताच सांगू नका."

"बरं."

"मला विसरले असते ना, तर मी म्हटलं असतं, चालायचंच. पण तो रस्ता? तो रस्ता नव्हते हो हे विसरायचे."

बाई वर आल्या. पुस्तक मिटून ठेवलं, पुन्हा उघडलं. दादाचं बोट ज्या दगडावर गेलं होतं, तिथे बघत बसल्या. बघता बघता त्यांचं लक्ष दगडावरून त्याच्या सावलीवर गेलं.

दवाखान्याची सवय म्हणून त्यांनी वाळवंटातही वही ठेवली होती. प्रत्येक फिल्मचा क्रमांक, वेळ, तोंड कुठे. त्यांनी वही काढली. सात: सकाळी पावणेआठ, तोंड उत्तरेला. उत्तरेला तोंड केलं की सकाळचा सूर्य उजव्या हाताला. म्हणजे सावली डावीकडे पडायला हवी. पानावर ती उजवीकडे पडली होती.

त्यांनी तिसरं पान बघितलं, चौथं बघितलं, दहावं बघितलं. चारही ठिकाणी सूर्य चुकीच्या बाजूने उगवला होता. वाऱ्याचंही तेच. त्या भागात वारा पश्चिमेचा, वाळूच्या टेकडीची एक बाजू लांब आणि सावकाश चढते, दुसरी एकदम कोसळते. या चार पानांवर वारा उलटा वाहत होता. दादाने ओळखलं नाही, कारण ओळखण्यासारखं तिथे काही नव्हतंच. तशी जागा जगात कुठे नव्हती.

बाई स्टुलावर बसल्या. चूक होते, माणसाचाच हात आहे. पण ही विसरून झालेली चूक नव्हती. रेघ जुळावी म्हणून त्यांनी स्वतःच्या हाताने फिल्म उलटवली होती. छाती छान दिसावी म्हणून काळीज उजवीकडे ठेवायचं, हे त्यांनी दवाखान्यात केलं असतं का? आणि त्यांच्या त्या सुंदर रेघेने खाली एक माणूस स्वतःच्या डोक्यावरचा विश्वास गमावून पडला होता. त्यांनी हात जोडले नाहीत की डोळे मिटले नाहीत, नुसतं म्हणाल्या, "देवा, हे मला वेळेवर दाखवलंस." आणि जिना उतरल्या.

दादा आतल्या खोलीत नव्हता. मागच्या दाराच्या पायरीवर बसून तो बोटांवर काही तरी मोजत होता. बाई दाराआड थांबल्या. "झुडूप. मग खळगा. मग दोन टेकड्या, मधून वाट. मग उतार." तो थांबे मोजत होता. स्वतःचीच परीक्षा घेत होता. बारा म्हणून झाले की पुन्हा पहिल्यापासून.

"दादा, सातव्या थांब्याचा दगड कुठल्या बाजूला?"

तो दचकला. "कशाला विचारतेस? आता तूही तपासायला लागलीस का मला?"

"हो. सांग."

"माझ्या बाजूला म्हणतोय ना मी. काच खाली केली की हात लागेल इतका जवळ. पण तुझ्या पुस्तकात..."

"पुस्तक चुकलंय. तू बरोबर आहेस."

बाईंनी त्याला सगळं सांगितलं. फिल्म, रेघ, सावली, चार पानं. काहीही झाकलं नाही. दादा ऐकत राहिला. मग तो म्हणाला, "म्हणजे तू वाळवंट उलटं घातलंस? स्वेटरसारखं?"

"तसंच म्हण."

"अगं ए," त्याने आत हाक दिली, "ऐकलंस का? हिने आख्खं वाळवंट उलटं घातलंय. आणि मी आपला सकाळपासून मला शोधतोय."

वहिनी ओल्या हातांनीच बाहेर आली. कळायला तिला दोन वेळा ऐकावं लागलं. मग तिने पदराने हात पुसले आणि त्याच पदराने डोळे. "तरी गुरुवारी डॉक्टरांकडे जायचंच," ती म्हणाली.

"कुठला गुरुवार?" दादाने विचारलं. वहिनीने जीभ चावली. तो हसला, या वेळी खरोखरचं. "जाऊ की. नळ मी चालू ठेवतो ते काही हिने उलटं छापलेलं नाही. पण हिलाही दाखवू डॉक्टरांना, एका खेपेत दोघांचं होईल."

ग्रंथपालबाईंना कळवणं अवघड होतं, तरी बाईंनी निरोप धाडला. त्या धावत आल्या. पुस्तकाकडे बघत म्हणाल्या, "पण बाई, ही रेघ? ही मोडणार? चौदा दिवस राहिलेत. आणि खरं सांगू का, कोणाला कळणार आहे? तिथे जाऊन ताडून कोण बघणार?"

"एक माणूस आहे ताडणारा," बाई म्हणाल्या. "आमच्याच घरात राहतो."

जाताना ग्रंथपालबाई एवढंच म्हणाल्या, "एक तारखेला सकाळी दहाला कपाट उघडेन. पुस्तक असेल तर ठेवीन, नसेल तर रिकामंच राहील."

चार पानं, दोन प्रती, म्हणजे आठ कागद लागणार. सुती कागद उरले होते नऊ. ऊन तर त्या आठवड्यात रुसलंच होतं. चार दिवस आकाश राखेसारखं. बाईंनी तेवढ्यात जुनी पानं घडीवरून सोडवली. खळीने चिकटवलेला जोड ओल्या कापडाने फुगवायचा आणि हाडाच्या पट्टीने केसाएवढा केसाएवढा उचलायचा. त्यांना बघताना वहिनी म्हणाली, "वन्सं, एवढ्या हळू हाताने तुम्ही माझं दूध तापवलं असतं ना, तर एकदाही उतू गेलं नसतं."

मधल्या गुरुवारी दोघी दादाला घेऊन डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टर म्हणाले, वयाचं विसरणं आहे, थोडं वाढेलही, सहा महिन्यांनी परत या. आणि हाताला काम राहू दे. बाईंनी एवढंच लक्षात ठेवलं. शुक्रवारी ऊन पडलं आणि त्यांनी दादाला धरून जिना चढवला. लाल दिव्याच्या उजेडात तो पहिल्यांदाच आला होता. "अशा अंधारात बसायचीस होय एकतीस वर्षं? माझं वाळवंट बरं होतं. निदान दिसायचं तरी."

चांदीचं पाणी एका दमात, न थांबता पसरावं लागतं. थांबलं की डाग पडतो. बाईंनी त्याच्या हातात ब्रश दिला. "श्वास घे. धर."

दादाचा हात टँकरचं चाक फिरवल्यासारखा एका लयीत या कडेपासून त्या कडेपर्यंत गेला.

"सोडू?" त्याने गाल फुगवलेलेच ठेवून विचारलं.

"थांब. हं, सोड."

दोघंही मग इतके हसले की वहिनी खालून ओरडली, वर काम चाललंय की पोरखेळ?

दुपारपर्यंत तीन कागद निघाले. चौथ्याला दादा चुकला. ओल्या कागदाला अंगठा लावून बसला, आणि चित्राच्या खालच्या कोपऱ्यात त्याच्या अंगठ्याचा काळाभोर ठसा उठला. तो एवढासा झाला. "घालवला का गं एक?"

बाईंनी कागद उजेडात धरून बघितला. सातवा थांबा. बाकी चित्र निर्मळ आलं होतं. "हा तुझ्या प्रतीत लागेल," त्या म्हणाल्या. "तुझ्या रस्त्यावर तुझा अंगठा." मग त्या कपाटाकडे गेल्या आणि तळातली एक डबी काढली. निवृत्त होताना त्यांनी दवाखान्यातून एवढीच एक आठवण मागून आणली होती: ती शिशाची अक्षरं. वाचनालयाच्या चार पानांसाठी फिल्म चौकटीत ठेवताना, प्रत्येक वेळी वही बघून, सावली ताडून, त्यांनी उजव्या कोपऱ्यात उजव्याचं अक्षर ठेवलं. सूर्याने आपलं काम केलं. अक्षराखालचा कागद तेवढा पांढरा राहिला.

नववा कागद लागला नाही.

एक तारखेला सकाळी दहाला वाचनालयाचं लांब कपाट उघडलं आणि त्यात वाळवंट पसरलं. बरेच लोक आले होते. सुतार आला होता, भाजीवालाही आला होता, आणि मोठे डॉक्टर काठी टेकत आले होते. ते कोपऱ्यातलं पांढरं अक्षर बघून थबकले, बाईंकडे वळले, आणि नुसती मान तुकवली. त्या खोलीतून अक्षराविना गेलेल्या त्या एका फिल्मची आठवण त्या दोघांनाच होती.

रेघ आता सलग नव्हती. पहिल्या दोन पानांवरून ती नीट धावायची, तिसऱ्याशी अडखळायची, सहाव्या आणि सातव्याच्या मध्ये तर चांगली दोन बोटं खाली घसरायची. एक तरुण मुलगी कपाटावर वाकून बघत होती. तिने ग्रंथपालबाईंना हळूच विचारलं, "बाकी किती सुंदर जुळवलंय, पण इथे रेघ तुटलीय ना? चिकटवताना पान सरकलं का?"

ग्रंथपालबाईंनी बाईंकडे बघितलं. बाईंनी दादाकडे.

दादा स्टुलावरून उठला, काचेपाशी आला, आणि त्या तुटलेल्या जागेवर बोट ठेवलं. "नाही पोरी, पान नाही सरकलं. इथे उतार आहे. भरलेला टँकर असेल तर आधीच गियर बदलायचा, नाहीतर पाणी मागून ढकलतं." त्याचा डावा पाय क्लच दाबल्यासारखा हलला. "आणि मग खिडकीच्या बाजूला हा दगड येतो."

मुलगी त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली. "आणि त्याच्या पुढे?"

दादाने पुढच्या पानाकडे बोट नेलं.